चाक बसते, पण जुळते का?

मोटारीचे चाक बदलायचे म्हणजे मापाचे चाक आणायचे आणि नट आवळायचे, असा आपला समज असतो. पण 'मापाचे' म्हणजे कोणत्या मापाचे? चाकाला एक नव्हे, निदान पाच मापे असतात : व्यास, रुंदी, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास आणि 'ऑफसेट'. यांपैकी चार जुळली व एक चुकले, तरी पुष्कळदा चाक बसते आणि गाडी चालतेही. धोका आहे तो नेमका इथेच.

हे समजून घेण्यासाठी एक खरी गाडी उदाहरणादाखल घेऊ. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघडणाऱ्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार प्रथम दाखवली. तिची पहिली पिढी १९९७ पर्यंत तयार होत होती. वजन एक टनाच्या आत. हौशी लोकांनी जपलेल्या अशा गाड्या आजही अनेक देशांत धावतात. मूळ चाके १४ इंच व्यासाची व साडेपाच इंच रुंदीची. इतक्या वर्षांत काही चाके गंजतात, काहींना तडे जातात. शिवाय १४ इंची चाकांसाठी चांगल्या टायरांची निवडही आता कमी झाली आहे. मग मालक १५ इंची चाकांचा विचार करू लागतो.

टायरवरील आकडे

या गाडीच्या मूळ टायरवर '१८५/६० आर १४' असे लिहिलेले असते. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, अर्थात १११ मिमी. 'आर' हे अक्षर टायरची बांधणी रेडियल असल्याचे सांगते. १४ हा रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ३५५.६ मिमी. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून

एकूण व्यास = ३५५.६ + (२ × १११) = ५७७.६ मिमी.

आता १५ इंची रिमवर '१९५/५० आर १५' टायर घेतला तर? भिंत ९७.५ मिमी, रिम ३८१ मिमी, एकूण ५७६ मिमी. फरक जेमतेम ०.३ टक्का. रिम मोठी झाली, पण चाक मोठे झाले नाही! याउलट '१९५/५५ आर १५' घेतला तर व्यास ५९५.५ मिमी होतो, म्हणजे सुमारे ३ टक्के जास्त. वेगमापक चाकाचे फेरे मोजतो, व्यास मोजत नाही. त्यामुळे पूर्वीच्या टायरवर ज्या वेळी गाडी खरोखर ताशी १०० किमी वेगाने जात असे, त्या वेळी काटा जिथे असे तिथेच तो आताही राहील. पण गाडी १०३ किमी वेगाने जात असेल.

केवळ दिसायला छान म्हणून १७ इंची रिम व '२०५/४० आर १७' टायर बसवला, तर भिंत १११ वरून ८२ मिमीवर येते. ही भिंत म्हणजे हवेची उशी. ती पातळ झाली की खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो.

बोल्टांचे वर्तुळ

या गाडीच्या हबवर चार स्टड आहेत. त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी. फियाटच्या अनेक गाड्यांत तो ९८ मिमी असतो. फरक फक्त २ मिमी, म्हणजे त्रिज्येत १ मिमी. थोडे रेटले तर असे चाक बसल्यासारखे वाटते. पण आत काय घडते ते पाहा.

स्टडवर चाक टांगलेले असते, हा समज बरोबर नाही. नट आवळला की स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर घट्ट दाबून धरतो. चाक जागेवर राहते ते या दाबामुळे निर्माण होणाऱ्या घर्षणाने. नट तिरका बसला तर हा दाब नीट येत नाही. चाक हबवर सूक्ष्म हालचाल करू लागते, नट ढिले होतात आणि प्रत्येक फेऱ्यागणिक स्टड वाकतो व सरळ होतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच एक दिवस स्टड तुटतो.

नटाचा आकारही इथे महत्त्वाचा. या माझदाचे नट शंकूच्या आकाराचे, तर होंडाच्या मूळ चाकांमधील नटाची बैठक गोलाकार असते. शंकू गोल वाटीत बसवला तर तो केवळ एका अरुंद कड्यावर टेकतो. म्हणून चाक ज्या बैठकीचे, नटही त्याच आकाराचे हवेत.

मधले भोक

एमएक्स-५ च्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमी व्यासाचा आहे. होंडाच्या अनेक चाकांचे भोक ५६.१ मिमी असते. शंकूच्या आकाराचे नट चाकाला बरेचसे मध्यावर आणतात, तरी चूक राहू शकते. समजा, टायरसह १३ किलोचे चाक केंद्रापासून फक्त अर्धा मिमी सरकले. ताशी १०० किमी वेगाला हे चाक सेकंदाला सुमारे १५ फेरे घेते. त्या वेळी निर्माण होणारे बल सुमारे ६० न्यूटन, म्हणजे जवळपास ६ किलो वजनाइतके भरते. इतका धक्का सेकंदाला १५ वेळा! म्हणून दोन व्यासांमधील फट भरणारी कडी बसवतात.

ऑफसेट : न दिसणारे माप

रिमच्या रुंदीचे बरोबर दोन भाग करणारे एक प्रतल कल्पा. चाकाचा हबला टेकणारा पृष्ठभाग या प्रतलापासून जितका दूर, तितका ऑफसेट. तो गाडीच्या बाहेरील बाजूस असेल तर ऑफसेट धन. एमएक्स-५ च्या मूळ चाकाचा ऑफसेट ४५ मिमी आहे.

समजा, ७ इंच रुंदीचे व २५ मिमी ऑफसेटचे चाक मिळाले. मूळ रिमची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून ६९.८ – ४५ = सुमारे २५ मिमी बाहेर होती. नव्या रिमची कड ८८.९ – २५ = सुमारे ६४ मिमी बाहेर जाते. म्हणजे चाक ३९ मिमी बाहेर आले. टायर मडगार्डला घासू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टायरचा मध्य २० मिमी बाहेर सरकला. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्यापासून जमिनीवरील टेकण्याची जागा तितकी दूर गेली. बल तेच, पण तरफेची भुजा लांबली. ब्रेक लावताना एक चाक डांबरावर व दुसरे खडीवर असेल, तर स्टीअरिंगला बसणारा हिसका वाढतो. बेअरिंगवरील ताणही वाढतो.

दुसऱ्या पिढीच्या काही गाड्यांना माझदानेच १५ × ६ इंची, ४० मिमी ऑफसेटची चाके दिली होती. तसे चाक पहिल्या पिढीच्या गाडीला लावले, तर बाहेरची कड फक्त ११ मिमी सरकते.

वजनाचे काय?

चाकाचे वजन दुहेरी काम करते. ते पुढेही सरकते आणि फिरतेही. दर चाकामागे २ किलो वाढले आणि ते रिमच्या कडेला असले, तर वेग घेताना चार चाकांचे ८ किलो सुमारे साडेअकरा किलोंसारखे भासतात. सुमारे हजार किलोच्या गाडीला हे फारसे नाही. खरा तोटा वेगळा आहे. चाक स्प्रिंगच्या खाली असते. ते जड झाले की उंचवट्यावरून उडाल्यावर परत रस्त्याला टेकायला उशीर लागतो. आणि टायर रस्त्याला टेकलेला नसेल तर ना ब्रेक लागतो, ना गाडी वळते.

वर्गात करून पाहा

एक बांगडी आणि कॅरमचा स्ट्रायकर घ्या. किंचित तिरक्या फळीवरून दोन्ही कडेवर उभे करून एकाच वेळी सोडा. वजन व आकार वेगळे असले तरी स्ट्रायकर आधी खाली पोचतो. बांगडीला सुमारे १५ टक्के वेळ जास्त लागतो. वस्तुमान कडेला असण्याचा हा परिणाम.

दुसरा प्रयोग : शाळेच्या दारातील एखाद्या मोटारीच्या टायरवरील आकडे वाचून व्यास काढा. मग टायरवर खडूने खूण करा, गाडी सावकाश सरळ ढकलून एका फेऱ्यात कापलेले अंतर मोजा आणि π ने भागा. उत्तर हिशेबापेक्षा थोडे कमी येईल. का, ते विद्यार्थ्यांना शोधू द्या. भाराने दबलेल्या टायरकडे त्यांचे लक्ष जाईलच.

जुनी चाके विकत घेणाऱ्याने याच क्रमाने जावे : आधी मापे, मग तडे व जोडकामाच्या खुणा, मग टायरचे वय. टायरवरील चार आकडी खूण, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नवे चाक बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. चाक सुंदर दिसते का, हा प्रश्न या सर्वांनंतरचा.