पिंजरा लागला, बिबट्या सापडला... पुढे?

ऊसतोड सुरू झाली की 'बिबट्या दिसला'चे मेसेजही सुरू होतात. वनविभाग पिंजरा लावतो, बिबट्या सापडतो, गाव निवांत झोपतं आणि बातमी संपते. बिबट्याची गोष्ट मात्र तिथून सुरू होते. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रात त्याचा दिवस कसा जातो?

अकलूज, माळशिरस, वेळापूर, नातेपुते. आपल्याकडे कुठल्याही गावाच्या ग्रुपवर जा, हंगामात एखादा तरी बिबट्याचा व्हिडिओ येऊन पडलेला असतो. तो आपल्याच शिवारातला आहे, दुसऱ्या जिल्ह्यातला आहे की एआयने बनवलेला, हे बघायला कुणाला वेळ नसतो. फॉरवर्ड आधी, चौकशी नंतर!

भीती मात्र खोटी नाही. 2020 च्या डिसेंबरमध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात बिबट्याने तिघांचा जीव घेतला होता. अखेर 18 डिसेंबरला वांगी परिसरात त्याला गोळी घालण्यात आली, आणि ती घालणारे आपल्या अकलूजचेच, डॉ. धवलसिंह मोहिते-पाटील. रात्रीची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला एकट्याने रानात जाणाऱ्याला किंवा लेकराला फडाच्या कडेला झोपवून कोयता चालवणाऱ्या बाईला 'घाबरू नका' असं सांगणं सोपं नाही. म्हणून मागणी एकच असते, पिंजरा लावा.

माणिकडोहचे मुक्कामी

जुन्नर शहरापासून काही किलोमीटरवर, माणिकडोह धरणाच्या परिसरात हे केंद्र आहे. वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवतात. प्राणिसंग्रहालयासारखं तिकीट काढून बिबट्या बघायची ही जागा नव्हे. इथे येणारे बिबटे वेगवेगळ्या वाटांनी येतात. कुणी कठडा नसलेल्या विहिरीत पडलेला असतो, कुणाचा पाय रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात अडकून गेलेला असतो. कुणाला गाडीची धडक बसलेली असते, तर कुणी माणसावर हल्ला केल्याच्या संशयावरून पकडलेला असतो. काही तर डोळे उघडायच्या वयात आईपासून तुटलेली पिल्लं असतात.

जो बरा होऊन शिकार करू शकतो, त्याला परत सोडलं जातं. तीन पायांचा, दृष्टी गेलेला, पिंजऱ्याचे गज चावून सुळे तुटलेला किंवा माणसाच्या हातून खाऊन मोठा झालेला बिबट्या मात्र इथला कायमचा मुक्कामी होतो. जंगलात बिबट्याचं आयुष्य साधारण बारा-पंधरा वर्षांचं. निगराणीत तो वीसच्या आसपासही पोचू शकतो. म्हणजे दोन-तीन वर्षांचा बिबट्या आत आला, तर पुढची पंधरा-सतरा वर्षं तिथेच.

सकाळची हजेरी

अशा केंद्रातली सकाळ साफसफाईने सुरू होते. बिबट्याला एका खोलीतून दुसरीकडे सरकवायचं, मधलं दार बंद झाल्याची खात्री करायची आणि मगच माणसाने आत पाऊल टाकायचं. झाडलोट करताना डोळे उघडे ठेवावे लागतात. कालचं मांस उरलंय का, विष्ठा कशी आहे, चालताना कुणी लंगडतंय का? बिबट्या दुखणं लपवतो. जंगलात अशक्त दिसणं परवडत नाही, ती सवय पिंजऱ्यातही जात नाही. त्यामुळे रोज खाऊ घालणाऱ्या माणसाची नजर हीच पहिली तपासणी.

जेवण म्हणजे कच्चं मांस, वजन आणि वयानुसार मोजून. मांजरकुळातल्या मोठ्या प्राण्यांना सांभाळताना आठवड्यातून एक दिवस उपास घडवायची पद्धत असते, कारण जंगलात रोज शिकार मिळत नाही. आजारी बिबट्याला लांबून फुंकनळीने इंजेक्शन देतात किंवा एक बाजू सरकवून आवळता येणाऱ्या पिंजऱ्यात घेतात.

सगळ्यात अवघड प्रश्न कंटाळ्याचा. रात्रभर मैलोन्‌मैल फिरणारा प्राणी एका जागी काय करणार? तो एकाच रेषेत येरझाऱ्या घालायला लागतो. म्हणून चढायला ओंडके, उंच बसायला माचाण, लोळायला झोळी, असं काहीबाही करून दिलं जातं.

युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातल्या न्गाम्बा बेटावर 1998 पासून अनाथ चिंपांझींचं निवारा केंद्र आहे. तिथले चिंपांझी दिवसभर बेटावरच्या जंगलात कळपाने हिंडतात, ठरल्या वेळी खायला येतात आणि संध्याकाळी मुक्कामाला परततात. बिबट्याच्या नशिबी ही सोय नाही. तो एकटा राहणारा प्राणी. चार अनोळखी बिबटे एकत्र सोडले, तर मारामारी ठरलेली. प्रत्येकाला वेगळी जागा लागते आणि जागा तर मोजकीच असते.

'लांब सोडून या' का चालत नाही?

मग पकडून दूरच्या जंगलात का सोडत नाहीत? जुन्नरने हा प्रयोग करून पाहिलाय. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, जुन्नर वनविभागात 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे. बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली आणि 2001 ते 2003 मध्ये ही सरासरी 17 वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवा बिबट्या येतो.

2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या 'आजोबा' नावाच्या बिबट्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. पठ्ठ्या सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला! 2014 साली त्याच्यावर सिनेमाही आला.

म्हणजे पिंजरा हा शेवटचा उपाय. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडावाच लागतो, त्यावर वाद नाही. पण नुसता दिसला म्हणून पकडला, तर त्याला जन्मठेप होते आणि आपल्या शिवाराचा प्रश्न तसाच राहतो.

फडात पिल्लू सापडलं तर?

बिबट्याच्या मादीला ऊस म्हणजे जंगलच. वर्ष-दीड वर्ष उभं पीक, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. ती फडातच विते. तोड सुरू झाली की सरीत मांजराएवढी पिल्लं सापडतात आणि सगळे मोबाइल बाहेर निघतात. खरं तर आई जवळच्या फडात लपलेली असते, अंधाराची वाट बघत. जुन्नर भागात वनविभाग आणि माणिकडोहचं पथक अशी पिल्लं तपासून, संध्याकाळी खोक्यात घालून सापडल्या जागीच ठेवतं आणि कॅमेरा लावून लांब थांबतं. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पिल्लं नाहीशी झाली तर मादी सैरभैर होते, आणि तोडीला तर दुसऱ्या दिवशीही यायचंच असतं. पिल्लू आईकडे जाणं माणसाच्याही फायद्याचं आहे.

एवढं लक्षात ठेवा

• बिबट्या किंवा पिल्लू दिसलं की वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. गर्दी करू नका.
• पिल्लाला हात लावू नका, दूध पाजू नका, सेल्फी तर नकोच. त्या फडातली तोड थांबवून मागे सरका.
• रात्री रानात एकट्याने जाऊ नका. बॅटरी न्या, मोबाइलवर गाणी लावा.
• वाकून किंवा बसून काम करणारा माणूस लहान दिसतो. अंधार पडताना जास्त जपा. लहान मुलांना एकटं सोडू नका.
• शेळ्यांचा गोठा बंदिस्त करा, विहिरीला कठडा बांधा.
• व्हिडिओ कुठला, कधीचा, हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नका.