विश्लेषण : मोबाइलला सांगून लिहिले, तर लेखनाचे पैसे वाढतात का?

आवाजी टंकलेखनाने वेग वाढतो, हे खरे. पण जालन्यातल्या मुक्त लेखकाच्या किंवा वार्ताहराच्या खिशात त्यातले किती पडते, हे दुरुस्तीला लागणाऱ्या वेळावर ठरते.

परतूरचे बाजारभाव, अंबडच्या सभेची बातमी, निवृत्त होणाऱ्या गुरुजींचा गौरवअंक, दिवाळी अंकाचा लेख, कुणा संशोधकाने आणून दिलेल्या मुलाखतींचे शब्दांकन. जालना जिल्ह्यात लिहून चार पैसे मिळवणाऱ्यांची कामे साधारण अशी असतात. पूर्णवेळ लेखक थोडे. शेती, शिकवणी, दुकान किंवा छोटी नोकरी सांभाळून लिहिणारेच जास्त. त्यांच्याकडे वेळ कमी, आणि मानधन मात्र शब्दांवर, पानांवर किंवा कॉलमवर मिळते. त्यामुळे ‘टाइप करू नका, फक्त बोला आणि कमाई दुप्पट करा’ असे सांगणारा व्हिडिओ समोर आला, की स्क्रीनवरचे बोट थांबतेच. या दाव्यात तथ्य किती?

मराठीत ही सोय कधी आली?

संगणकाला सलग बोलून मजकूर सांगण्याची सोय इंग्रजीत १९९७ मध्ये ‘ड्रॅगन नॅचरली स्पीकिंग’ या सॉफ्टवेअरने सामान्य ग्राहकापर्यंत आणली. मराठीला त्यानंतर वीस वर्षे वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांसाठी आवाजी टंकलेखन सुरू केले. आज अँड्रॉइड फोनच्या कीबोर्डवर मराठी भाषा निवडून माइकच्या चिन्हावर बोट ठेवले की काम सुरू होते. संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये गूगल डॉक्स उघडून ‘टूल्स’ या यादीत ‘व्हॉइस टायपिंग’ निवडावे लागते. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआय कंपनीने ‘व्हिस्पर’ हे मॉडेल सर्वांसाठी खुले केले. आधी रेकॉर्ड केलेली फाइल त्याला दिली, की ते तिचा मजकूर करून देते. ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर ते शिकवले गेले. त्यात मराठीही आहे, पण सर्वांत मोठा वाटा इंग्रजीचा. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रमही त्याच वर्षी जुलैत सुरू झाला.

यंत्र ऐकते म्हणजे काय करते?

खरे तर ते अंदाज करते. आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाइतके बारीक तुकडे पाडून त्यांतून कोणते ध्वनी निघतात हे ते पाहते आणि त्या ध्वनींना जुळणारे सर्वांत संभाव्य शब्द मांडते. जे शब्द त्याने शिकताना वारंवार ऐकले, ते बरोबर येतात. जे कमी ऐकले, त्यांच्या जागी ओळखीचा शब्द बसवला जातो. मोसंबीचा ‘आंबे बहर’ आणि ‘मृग बहर’ हे बदनापूरच्या बागायतदाराचे रोजचे शब्द आहेत. यंत्र मात्र ‘बहर’च्या जागी सहज ‘बाहेर’ लिहू शकते. ‘गेलता’, ‘आलता’, ‘काय करायलास’ ही मराठवाड्याची रूपे तर छापील मराठीत फारशी उमटतच नाहीत. यंत्र ती एक तर मोडते, नाहीतर गुपचूप प्रमाण करून टाकते. मुलाखत देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे हवे असतील, तर ही दुसरी चूक जास्त घातक. कारण वाक्य वाचायला नीट वाटते आणि काही बिघडले आहे याची शंकाच येत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचे दुखणे वेगळेच. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचा उच्चार बोलताना जवळपास सारखा. कामगार दिनाची बातमी ‘कामगार दीन’ अशी आली, तर अर्थ कदाचित खराही ठरेल, पण मुद्रितशोधक तुम्हालाच धारेवर धरणार. शिवाय स्वल्पविराम, अवतरणचिन्हे, परिच्छेद हे सारे मराठीत हातानेच टाकण्याची तयारी ठेवलेली बरी.

इथे जालन्याशी जोडलेली एक गोष्ट आठवते. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब घनसावंगी तालुक्यातले. त्यांनी रायगड जिल्ह्यातल्या शिवथरघळीत ‘दासबोध’ सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसे काढावे, लेखन कसे करावे यावरच आहे. सांगून लिहिणे आपल्याला नवे नाही. मात्र तेव्हाच्या लेखनिकाला सांगणाऱ्याचा विषय कळत होता.

वेळेचा हिशेब काय सांगतो?

राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीसाठी मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. या वेगाने १,००० शब्दांना सुमारे ३३ मिनिटे लागतात. सावकाश, स्पष्ट बोलणारा माणूस मिनिटाला १०० शब्द सहज बोलतो. म्हणजे तेच काम १० मिनिटांत. जाहिरातीतला हिशेब इथे संपतो.

पुढचा हिशेब आपण करू. दर दहा शब्दांमागे एक चूक धरली, तर १०० चुका झाल्या. एका चुकीला १० सेकंद धरले तरी १७ मिनिटे गेली. एकूण २७ मिनिटे, बचत सहा मिनिटांची. पाच शब्दांमागे एक चूक झाली, तर दुरुस्तीलाच ३३ मिनिटे लागतील आणि टायपिंग येणारा माणूस बोलणाऱ्याच्या पुढे निघून जाईल. चुका वीस शब्दांमागे एकीवर आल्या, तर मात्र सारे १८-१९ मिनिटांत उरकते.

आता पैसे. हिशेबापुरते धरू की १,००० शब्दांच्या लेखाला १,००० रुपये मिळतात आणि गावाला जाणे, माणसांना भेटणे, फोन करणे, विचार करणे यांत पाच तास जातात. कीबोर्डवर लिहिणाऱ्याला तासाला सुमारे १८० रुपये पडतात. बोलून लिहिल्यास १८३. तीन रुपयांचा फरक! फोनवर अंगठ्याने मिनिटाला बारा शब्द टाइप करणाऱ्याचे चित्र निराळे आहे. त्याला नुसत्या टायपिंगला ८३ मिनिटे लागतात आणि तासाचे १५७ रुपये पडतात. तो बोलू लागला की १८३ च्या आसपास पोहोचतो. ज्यांच्याकडे संगणक नाही, ज्यांना टायपिंग येत नाही, ज्यांची बोटे किंवा डोळे साथ देत नाहीत, त्यांना या साधनाचा खरा उपयोग आहे. टंकलेखनात तरबेज असलेल्याने स्वतःच्या लेखासाठी त्याच्या मागे लागण्यात फारसा अर्थ दिसत नाही.

मग कमाई वाढते कुठे?

मुलाखतींच्या शब्दांकनात. एक तासाची मराठी मुलाखत हाताने उतरवायला चार-पाच तास जातात, असा या कामातला सर्वसाधारण अंदाज आहे. आवाज स्वच्छ असेल आणि एका वेळी एकच जण बोलत असेल, तर यंत्राने दिलेला कच्चा मसुदा पुन्हा ऐकत दुरुस्त करायला त्याच्या निम्मा वेळ पुरू शकतो. मिनिटावर दर ठरलेला असेल, तर तासाची कमाई इथे खरोखर दुप्पट होते. व्हिडिओतला दावा एवढ्या एका कोपऱ्यात खरा आहे.

पण काम देणाराही तोच व्हिडिओ पाहत असतो. ‘मशीनच तर करते, दर कमी करा’ हे वाक्य आज ना उद्या ऐकावे लागेलच. म्हणून टायपिंगचा दर सांगू नका. ऐकून तपासलेल्या मजकुराचा सांगा. नावे, गावे, आकडे आणि अवतरणे पडताळून देण्याची हमी त्यात धरा. जाफ्राबाद आणि भोकरदनकडची बोली तुमच्या कानाला कळते, हेच तुमचे भांडवल. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला ते यंत्राकडून मिळत नाही. गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून त्यांची पुस्तिका करून देणे, हेही या साधनामुळे आवाक्यात आलेले काम आहे.

पडताळणीवर एवढा भर का?

बाजारभावात ‘एकोणसाठशे’ आणि ‘एकोणसत्तरशे’ यांत एका अक्षराचा घोटाळा झाला, तर क्विंटलमागे हजार रुपयांचा फरक पडतो. बातमी वाचून कुणी माल गाडीत भरला, तर त्याचे भाडे कोण देणार? वाक्याच्या शेवटचा ‘नाही’ बोलणाऱ्याने हळू उच्चारला आणि तो गळाला, तर ‘मदत मिळाली नाही’चे ‘मदत मिळाली’ होते. छापून आल्यावर लोक त्या माणसाला विचारणार, आणि तो तुम्हाला.

त्याहून वाईट म्हणजे यंत्र कधी कधी न बोललेलेही लिहिते. अमेरिकेतील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्हिस्परने केलेल्या इंग्रजी उताऱ्यांपैकी सुमारे एक टक्क्यात अशी रचलेली वाक्ये आढळली. बोलण्यात मधे मोठे विराम असले, की हा धोका वाढतो. आपल्याकडे म्हातारी माणसे बोलता बोलता थांबतात, सुपारी कातरतात, मग पुढे सांगतात. तेव्हा मूळ फाइल काम संपेपर्यंत पुसू नये आणि मुलाखतीतली जी वाक्ये अवतरणात जाणार आहेत, ती कानाने पुन्हा ऐकावीत.

रेकॉर्डिंग ऑनलाइन सेवेला देणे म्हणजे ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवणे. आजार, कर्ज, कौटुंबिक वाद असा विषय असेल, तर बोलणाऱ्याला तसे सांगून परवानगी घ्या. व्हिस्पर स्वतःच्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालवता येते. नाजूक मुलाखतींसाठी तो मार्ग बरा.

छापखान्याचा अडथळा

आवाजी टंकलेखनाचा मजकूर युनिकोडमध्ये येतो. अनेक छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटवर काम चालते. मजकूर तिकडे नेताना रफार, ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरे आणि अवतरणचिन्हे बिघडतात. ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांचा’ हे शब्द रूपांतरानंतर आधी पाहावेत. शेतकऱ्यांवरच्या लेखात तर ते प्रत्येक परिच्छेदात असणार.

नुसता आवाजही विकला जातो

यंत्राला मराठी शिकवायला मराठी आवाज लागतात. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या ‘कार्य’ प्रकल्पातील संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या कामात ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी वाचन मोबाइलवर गोळा केले होते. त्यांत पालघर जिल्ह्यातील दुर्गम आमले गावचे रहिवासी आणि मुंबईच्या वस्त्यांतील अल्प उत्पन्नाचे लोक होते, आणि या वाचनाचे त्यांना पैसे मिळाले. याउलट भाषिणीचे ‘भाषादान’ आणि मोझिलाचे ‘कॉमन व्हॉइस’ या ठिकाणी आवाज विनामूल्य द्यायचा असतो. मराठवाडी मराठी यंत्राला कळावी असे वाटत असेल, तर तो जरूर द्यावा. कमाई म्हणून त्याकडे पाहू नये.

फसवणूक कशी ओळखाल?

‘घरबसल्या टायपिंग’, ‘ऑडिओ ऐका, पैसे मिळवा’ अशा जाहिरातींमागे एक जुना सापळा असतो. आधी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागतात. मग अशक्य मुदतीत काम देतात, त्यात चुका काढतात आणि शेवटी करारभंगाची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून दंड मागतात. काम देण्यासाठी आधी पैसे मागणारा कुणीही असो, तिथेच थांबा. खोट्या नोटिशीला घाबरून पैसे पाठवू नका. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि व्यवहाराचा क्रमांक, स्क्रीनशॉट, आलेले संदेश जपून ठेवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता जास्त.