घरीच तर असतो!

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला कचेरी नसते, पण काम असते, हे आमच्या आप्तेष्टांना अजून पटलेले नाही. "तू काय, घरीच तर असतोस!" एवढ्या एका वाक्यावर जळगावात मी साऱ्या गोतावळ्याची कामे केली.

२०१७ च्या जुलैत, धुळ्याला आई एकटी म्हणून आम्ही बिऱ्हाड हलवले. त्याच महिन्याच्या १ तारखेला जीएसटी लागू झाला होता, आणि जळगावच्या काही पाइप-व्यापाऱ्यांची बिले माझ्याच प्रोग्रॅममधून निघत. आमचा टेम्पो एरंडोल मागे टाकून पारोळ्याला पोचतो तोच फोन आला, "भाऊ, बऱ्हाणपूरची गाडी भरून उभी आहे. बिल चुकतंय!"

चहाच्या दुकानात लॅपटॉप उघडला. चूक माझीच! राज्यातल्या विक्रीवर १८ टक्क्यांचे दोन वाटे होतात. ९ केंद्राचे, ९ राज्याचे. माल मध्य प्रदेशात निघाला की १८ टक्क्यांचा एकच एकात्मिक कर. गिऱ्हाइकाचे राज्य तपासायलाच मी विसरलो होतो. बाहेर पाऊस लागला. टेम्पोवाला करवादू लागला. सौभाग्यवतींनी मुकाट्याने गाद्यांवर ताडपत्री ओढली. पाऊण तासाने मोबाइलवरून दुरुस्ती पाठवली. तिकडची गाडी सुटली, मग आमची.

धुळ्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई दारातूनच शेजारणीला सांगत होती, "आता काळजी नाही हो, मुलगा घरीच असतो!"

ही चूक मात्र मी दुरुस्त केली नाही.