पुस्तक वाचलं, तास गेला

परीक्षेला असलेलं पुस्तक वर्ष सुरू असतानाच सिलॅबसमधून गायब झालं तर? मुंबई विद्यापीठात हे घडलंय. २०१० मध्ये एसवायबीएच्या इंग्रजीला रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी होती. १९७१ ची मुंबई आणि एका पारशी बँक कर्मचाऱ्याचं कुटुंब, अशी तिची गोष्ट. मिस्त्री याच विद्यापीठाचे पदवीधर. कादंबरीत शिवसेना आणि मराठी माणसाबद्दल अपमानास्पद मजकूर आहे, असा आक्षेप भारतीय विद्यार्थी सेनेने घेतला. विद्यापीठाच्या गेटवर प्रती जाळल्या गेल्या. आक्षेप घेणाऱ्यांत तेव्हा झेवियर्सला शिकणारे आदित्य ठाकरे होते, म्हणजे एक विद्यार्थीच. आक्षेप घेणं हाही हक्कच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न पुढचा आहे. कुलगुरूंनी कायद्यातले तातडीचे अधिकार वापरून कादंबरी काढून टाकली.

तातडी कसली होती, कादंबरी येऊन तर १९ वर्षं झाली होती!

आता हे घटनेच्या चौकटीत बसवून बघा. कलम १९(१)(क) अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. त्यावर मर्यादा घालायची तर कायदा लागतो आणि १९(२) मधलं एखादं कारण लागतं. पण इथे बंदी कुठे होती? कादंबरी दुकानात मिळत होती, लेखकावर खटला नव्हता. फक्त ती वर्गात शिकवायची नव्हती.

याच वर्षी जुलैमध्ये जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचा निकाल लागला होता. त्या पुस्तकावर प्रचंड संताप होता, राज्य सरकारने बंदी घातली होती. पण बंदी म्हणजे लेखी आदेश, आणि आदेशात कारणं द्यावी लागतात. कोणत्या गटांमध्ये वैर पसरेल हेच त्यात नीट सांगितलेलं नव्हतं. हायकोर्टाने २००७ मध्ये बंदी उठवली, सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं. म्हणजे सरकारने पुस्तक बंद केलं तर कोर्टात भांडता येतं. विद्यापीठानेच गुपचूप काढलं तर मात्र नेमकं कशावर बोट ठेवायचं, इथेच गाडी अडते.

जर्मनीच्या राज्यघटनेत कलम ५ मध्ये संशोधन आणि अध्यापन स्वतंत्र आहे असं थेट लिहिलंय. घटनेशी निष्ठा सोडायची नाही, एवढीच शिकवण्यावर अट. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेतही कलम १६ मध्ये ‘शैक्षणिक स्वातंत्र्य’ हा शब्द आहे. अमेरिकेच्या घटनेत तो नाही, पण १९६७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने प्राध्यापकांच्या एका खटल्यात तो पहिल्या दुरुस्तीच्या संरक्षणाखाली आणला. आपल्या घटनेतही तो शब्द नाही. त्यामुळे आपल्याकडे सगळी भिस्त अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेवर. पुस्तक लावायचं की काढायचं, हे विषय शिकवणाऱ्यांनी चर्चा करून ठरवायचं. ती चर्चा वगळली की उरते फक्त सही. आणि तातडीचे अधिकार २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यातही आहेतच.

तुमच्या सिलॅबसमधून काही गेलं तर एक गोष्ट नक्की करता येते. सरकारी विद्यापीठांना माहिती अधिकार लागू आहे. १० रुपये भरून बैठकीचं इतिवृत्त मागायचं: निर्णय कोणी घेतला, कोणत्या तारखेला, काय कारण लिहिलंय? उत्तर द्यायला त्यांच्याकडे ३० दिवस असतात.