रविवारचा चहा आणि कविता

रविकिरण मंडळाचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास आठवतात: भरल्या सभेतलं काव्यगायन आणि ‘केशवकुमार’ अत्र्यांनी १९२५च्या ‘झेंडूची फुले’तून उडवलेली त्या काळच्या कवितेची टर. मला मात्र या मंडळाचं मोल व्यासपीठावर नाही, चहाच्या कपाभोवती दिसतं. पुण्यातले काही कवी रविवारी चहाला जमत आणि एकमेकांना कविता म्हणून दाखवत. त्या बैठकीला ‘सन-टी क्लब’ म्हणत. तिच्यातूनच १९२३ मध्ये मंडळ उभं राहिलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, माडखोलकर, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर आणि बैठकीतल्या एकट्या कवयित्री मनोरमाबाई रानडे. ‘किरण’ हे पहिलं पुस्तकही त्याच वर्षी सगळ्यांचं मिळून निघालं.

समोर कोण बसलंय, यावर कविता म्हणण्याची रीत ठरते. इथे समोर माधव जूलियन असत: फार्सीचे प्राध्यापक, गझल मराठीत रुजवणारे, पुढे ‘छंदोरचना’ लिहून वृत्तांचा हिशेब मांडणारे. अशा कानांपुढे लंगडी ओळ लपवायची कुठे? आणि यशवंत येरवड्याच्या बालगुन्हेगारांच्या शाळेत नोकरीला होते. तिथे पाहिलेली मुलं १९३२च्या ‘बंदीशाळा’ खंडकाव्यात आली. त्या पोरांच्या हकिकती कविता ऐकवून झाल्यावरच मित्रांच्या कानावर गेल्या असतील, असं मला मनापासून वाटतं.

हे वाटणं हवेतलं नाही. आम्ही चौघंजणही महिन्यातून एकदा एकमेकांना कविता ऐकवायला जमतो. एकदा एका मैत्रिणीनं वाचलेल्या कवितेत दिवेलागणीला एक स्टीलचा डबा उघडा पडलेला होता. आम्हाला तो डबा नुसता सजावटीचा वाटला. ‘काढून टाक’ असं दोघांनी सांगितलंही. ती गप्प राहिली. चहा झाल्यावर म्हणाली, वडील गेले त्या संध्याकाळी कामावरून परत आलेला त्यांचा डबा आईनं उघडला, तर त्यात अर्धी पोळी उरलेली होती. कुणी काही बोलेना. मग एकानं वही तिच्याकडे सरकवली, ‘पुन्हा म्हण.’

डबा राहिला. पोळी मात्र कवितेत कधीच आली नाही, आणि तेच बरोबर होतं. हकिकत आधी सांगितली असती तर आम्ही हळहळलो असतो आणि ओळी तपासल्याच नसत्या. मोठ्या सभेत कवीला कवितेची जन्मकथा आधी सांगावी लागते, कारण श्रोत्यांना दार उघडून द्यायचं असतं. सोबतच्या कवींपुढे ती नंतर यावी. आधी ओळ स्वतःच्या पायावर उभी राहते का ते पाहायचं, मग माणसाकडे वळायचं.

तिसऱ्यांदा वाचताना तिनं ‘उघडा’ हा शब्द खोडला. डबा आता नुसताच दिवेलागणीला ओट्यावर आहे.