अ‍ॅपची चित्रे : दुकानाची दर्शनी मांडणी

पालघरचा कापड दुकानदार असो वा बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारा कारागीर, स्वतःचे मोबाईल अ‍ॅप काढणाऱ्या बांधवांना आम्ही सुचवितो की, चित्रांकडे आधी लक्ष द्यावे. गिऱ्हाईक मजकुरापूर्वी चित्रेच पाहते.

गूगल प्लेवर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे बोधचिन्ह, १०२४ बाय ५०० चे दर्शनी चित्र आणि अ‍ॅपचे किमान दोन स्क्रीनशॉट लागतात. फोनसाठी आठपर्यंत देता येतात. पहिल्याच स्क्रीनशॉटमध्ये मुख्य काम दाखवावे : माल, भाव, मागणी नोंदविण्याचे बटण. वर चार-पाच ठळक शब्द पुरेत. बारीक अक्षरे फोनवर वाचली जात नाहीत. मराठी व हिंदीसाठी वेगळी चित्रे ठेवता येतात. बोधचिन्हावर ‘क्रमांक एक’ किंवा सवलतीची जाहिरात लिहिण्यास गूगलची मनाई आहे.

मात्र अ‍ॅपमध्ये नाही ते चित्रात दाखवू नये. पावसाने भिजलेले धान्य ढिगाच्या आत ठेवणाऱ्या विक्रेत्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जाब विचारला होता. घरपोच सेवा बोईसरपुरतीच असेल, तर डहाणूचे नाव चित्रात नको. फसलेले गिऱ्हाईक अ‍ॅप काढून टाकते, आणि त्याचा एका ताऱ्याचा शेरा पुढचे प्रत्येक गिऱ्हाईक वाचते.