न्हाणी बांधायची? आधी पाण्याची वाट ठरवा

सुगी आटोपते, माल बाजारात जातो, हातात चार पैसे येतात आणि मग घरात काय काय करून घ्यायचे याची यादी निघते. ओटीला फरशी, गोठ्यावर नवे पत्रे, धान्याला कणगी. या यादीत परसदारी पक्की न्हाणी बांधण्याचा बेत असेल, तर मंडळी, तो खालच्या ओळीत टाकू नका. शक्य तर पहिल्याच ओळीत घ्या.

असे का म्हणतो? दिवसभर उसाला पाणी देऊन किंवा भात लावून आलेल्या माणसाला दोन बादल्या कढत पाणी अंगावर घेतल्यावर जो आराम मिळतो, तो औषधाच्या बाटलीत मिळत नाही. वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूर येथील उन्हाळ्यांवर लोक दुरून येऊन न्हातात ते काही उगाच नव्हे. ते सुख रोज घरी मिळायचे, तर चांगली न्हाणी हवी.

पण त्याहून मोठी गोष्ट घरातल्या बायकांची आहे. चार मेढी रोवून पोत्यांचा किंवा जुन्या साड्यांचा आडोसा केला की पुरुषांचे काम भागते. बाईचे भागत नाही. तिला उजाडायच्या आत न्हाऊन घ्यावे लागते, तेही अंगावर ओले लुगडे ठेवूनच. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणात, आजारपणात तर तिची फारच कुचंबणा होते. दाराला आतून कडी असलेली न्हाणी म्हणजे थाट नव्हे, ती घराची अब्रू आहे.

भिंतींच्या आधी पाणी

बहुतेक ठिकाणी चूक होते ती अशी. गवंडी येतो, जागा बघतो, चार भिंती उभ्या करतो, फरशी बसवतो आणि शेवटी भिंतीच्या तळाशी एक भोक ठेवून निघून जातो. भोकातून पाणी बाहेर पडते. पुढे ते कुठे जाते, याचा विचार कोणीच केलेला नसतो. महिन्याभरात तिथे काळे डबके होते, डुकरे लोळू लागतात, संध्याकाळी डासांचे थवे उठतात. पाणी शेजाऱ्याच्या दारात गेले तर भांडण ठरलेले. विहिरीकडे मुरले तर त्याहून वाईट.

पाण्याचा हिशेब एकदा मांडून पाहा. २०१९ साली जल जीवन मिशन जाहीर झाले, तेव्हा माणशी रोज ५५ लिटर पाणी हे माप धरले गेले. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होते. प्यायला आणि स्वयंपाकाला त्यातले थोडेच लागते. उरलेले बहुतेक न्हाणीतून, मोरीतून आणि धुण्याच्या दगडावरून बाहेर येते. बाई डोक्यावरून हंडे आणत होती तेव्हा सांडपाणी बेताचे होते. नळ दारात आला की तेही वाढते. म्हणून न्हाणीचे काम भिंतींपासून नव्हे, पाण्याच्या वाटेपासून सुरू करावे.

जागा कशी निवडावी

परसात उभे राहून पावसाचे पाणी कुठून कुठे वाहते ते आठवा. न्हाणी उतारावर घ्यावी, पण अगदी सखल कोपऱ्यात नको. सांडपाणी मुरवायची जागा विहिरीपासून किंवा कूपनलिकेपासून किमान ५० फूट दूर आणि तिच्या खालच्या अंगाला असावी. घराच्या भिंतीपासूनही तिला दहा फूट लांब ठेवा, नाहीतर ओल पायात शिरते.

मागच्या दारापासून न्हाणी फार लांब नको. रात्री-अपरात्री म्हाताऱ्या माणसाला किंवा बाळंतिणीला तिथवर जायचे असते. वाट निसरडी नसावी आणि एक दिवा हवा.

जमीन काय म्हणते ते ऐका

जागा ठरली की जमिनीची परीक्षा घ्या. जिथे पाणी मुरवायचे, तिथे तीन फूट खोल खड्डा घ्या. त्याच्या तळाशी फूटभर लांब, रुंद आणि खोल असा लहान खड्डा करून तो संध्याकाळी पाण्याने भरून ठेवा. सकाळी पुन्हा भरा आणि काडीने खूण करून पाहत बसा. तासाभरात एक इंचही पाणी उतरले नाही, तर ती जमीन पाणी पिणारी नाही असे समजा.

मुरमाड आणि रेताड जमिनीत अडचण येत नाही. काळ्या जमिनीत येते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पाणी मुरत नाही आणि तिच्यावर बांधलेली फरशीही तडकते. अशा जमिनीत खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा. न्हाणीच्या पायातलीही काळी माती काढून तिथे मुरूम भरावा आणि पाणी मारून चांगला ठोकून घ्यावा.

कोकणात वेगळेच. तिथे पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी पार वर येते. अशा वेळी शोषखड्डा पाणी घ्यायच्या ऐवजी बाहेर टाकतो. तिथे न्हाणीचे पाणी पाटाने केळी-माडांच्या आळ्यांत फिरवणेच बरे.

शोषखड्डा असा करा

एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल, म्हणजे प्रत्येक बाजूने सव्वातीन फुटांचा खड्डा घ्या. तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम दगड किंवा विटांचे तुकडे आणि वर खडी भरा. दगड भरल्यावरही मधल्या पोकळीत साधारण ४०० लिटर पाणी मावते, म्हणजे एका कुटुंबाचे एका दिवसाचे पाणी सहज बसते. जमीन ते पिते आणि दुसऱ्या दिवशीच्या पाण्याला जागा होते. खडीवर जुने पोते किंवा प्लास्टिकचा कागद अंथरून वर माती टाकावी, म्हणजे डास आत जात नाही आणि वास बाहेर येत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. न्हाणी आणि खड्डा यांच्यामध्ये फूटभर लांबी-रुंदीचे छोटे चेंबर बांधा आणि त्यात जाळी किंवा भोके पाडलेले जुने मडके बसवा. केस, साबणाचा मळ, भांड्यांची राख, शितकण यांना तिथेच अडवायचे. हा गाळ थेट खड्ड्यात गेला, तर दगडांमधली पोकळी बुजते आणि सारी मेहनत पाण्यात जाते. दर आठवड्याला हे मडके साफ करणे हे घरातल्या मोठ्या मुलाचे काम ठरवून टाका.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेतले. त्यांनी मधोमध भोके असलेली टाकी बसवून भोवती दगड भरले. गाळ टाकीत साठतो आणि झाकण काढून उपसता येतो. गटारे गेली तसे डासही हटले आणि ही पद्धत पुढे इतर गावांनी उचलली. एकट्या घराने खड्डा घेतला तर त्याचे अंगण कोरडे होते. आळीने घेतला तर डास हटतात. म्हणून शेजाऱ्यालाही सोबत घ्या.

संडासचे पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नका. त्याची सोय वेगळी हवी.

पाया, फरशी आणि उतार

आता न्हाणीकडे वळू. आतून पाच फूट रुंद आणि सहा फूट लांब जागा पुरते. याहून लहान करू नका. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायचे, तर आजीला पाय पसरून बसता आले पाहिजे, शेजारी घंगाळ आणि बादली ठेवता आली पाहिजे. गवंड्याला माप सांगण्याआधी घरातल्या बायकांना विचारा. न्हाणी सर्वांत जास्त त्यांनाच वापरायची आहे.

जोते परसाच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच घ्या. मुरूम ठोकून झाला की दगडी सोलिंग, त्यावर तीन-चार इंच काँक्रीट आणि वर शहाबादी फरशी. फरशी घोटून गुळगुळीत केलेली नको. साबणाच्या पाण्यात तिच्यावरून पाय घसरतो आणि उतारवयात पडलेल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर अंथरूण सुटत नाही. म्हणून खडबडीत फरशी घ्या आणि भिंतीला धरायला एक पक्का लोखंडी दांडा बसवा. या दांड्याला खर्च थोडा येतो, पण म्हातारपणी त्याचा फार आधार.

उतार दर चार फुटांना एक इंच ठेवा. गवंडी जाण्याआधी त्याच्यासमोर तांब्याभर पाणी ओतून पाहा. पाणी कुठेही न थांबता भोकाकडे गेले पाहिजे. कोपऱ्यात साचले तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या. सिमेंट वाळल्यावर नुसती हळहळ उरते.

भिंती सात फूट उंच असाव्यात. वरच्या बाजूला हवेसाठी समोरासमोर दोन झरोके ठेवा. कपड्यांना खुंट्या आणि साबण-उटण्याला कोनाडा ठेवा. धुण्याचा दगड बाहेरच्या अंगाला लागूनच बसवा, म्हणजे दोन्हींचे पाणी एकाच वाटेने जाईल.

पाणी तापवायचे कसे

तीन दगडांच्या उघड्या चुलीवर हंडा ठेवला, तर जळणातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा पाण्याला लागतो, बाकी वाऱ्यावर जातो. तांब्याचा बंब यासाठीच चांगला. त्याच्या पोटातून नळी जाते, जाळ नळीत आणि भोवती पाणी, म्हणून थोडक्या जळणात पाणी कढते. तुराट्या, मक्याची बुरकुंडे, नारळाची सोडणे, काहीही चालते. पऱ्हाट्या असतील तर त्या आधी संपवा. त्यांवरच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर येते. बंबात पाणी भरल्याशिवाय मात्र जाळ करू नका, डाग उखडतो.

बंब किंवा पाणचूल न्हाणीच्या बाहेर, छपराखाली ठेवावी. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून आणि जळणातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो आतल्या आतच राहतो. गॅसच्या गीझरलाही हाच धोका आहे. तो कोंदट न्हाणीत कधी बसवू नका.

विजेचा रॉड वापरत असाल, तर बादली प्लास्टिकची घ्या. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. जोडणीला अर्थिंग आणि वीज गळताच प्रवाह तोडणारे उपकरण असलेच पाहिजे. ऐपत असेल तर सौर बंब उत्तम. त्याचे तोंड दक्षिणेला हवे आणि दिवसभर झाडाची सावली नको. कूपनलिकेचे पाणी जड असेल, तर त्यात क्षार साचतात, हे घेताना विक्रेत्याला आधीच सांगा.

लहान मुलाला न्हाऊ घालताना बादलीत आधी गार पाणी आणि मग कढत. हा क्रम घरात सर्वांना लावून द्या.

पाणी वाया का घालवता?

न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात जाण्याआधी त्यावर परसबाग पोसता येते. केळ, अळू, कर्दळ ही पाण्याची खादाड झाडे. पाटाने पाणी आज एका आळ्यात, उद्या दुसऱ्यात फिरवा. रोज एकाच जागी साबणाचे पाणी पडले, तर जमीन चोपण होते. कोथिंबीर, मुळा, मेथी अशा कच्च्या खायच्या भाज्यांना हे पाणी देऊ नका. वड, पिंपळ, उंबर खड्ड्याजवळ उगवले तर लगेच उपटा, त्यांची मुळे दगडांत शिरतात.

आणि हौद, रांजण, पिंप झाकून ठेवा. गटारातला डास वेगळा, डेंगीचा वेगळा. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सारी भांडी रिकामी करून, घासून कोरडी करा.

काम होळीनंतर काढा आणि मृगाच्या आत संपवा. गवंड्याला मोकळीक असते, सिमेंटला पाणी मारायला सवड मिळते आणि पहिल्या पावसात खड्डा कसा चालतो ते कळते. काम काढण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन शोषखड्ड्यासाठी काही मदत मिळते का, तेही विचारा.

गाडगेबाबांनी उभा जन्म हातात झाडू घेऊन गावेच्या गावे झाडली. त्यांच्या नावाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पण गाव स्वच्छ होते ते घराघराच्या मागच्या दारापासून. तेव्हा मंडळी, यंदा पाण्याची वाट आधी आखा, मग न्हाणी उभी करा. येत्या दिवाळीचे अभ्यंगस्नान घरातल्या लेकी-सुनांना कढत पाण्याने, कडी लावून, निवांतपणे करता येऊ द्या.